मुठी सोडल्यानंतरचा स्प्रिंगस्टीन

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना ‘बॉर्न इन द यूएसए’च आठवतो. वळलेल्या मुठी, मानेच्या ताणलेल्या शिरा, स्टेडियमभर आरडाओरडा. मलाही तेवढाच माहीत होता. म्हणून कॉलेजात असताना मित्राकडून त्याच्या पुढच्या अल्बमची, ‘टनेल ऑफ लव्ह’ची कॅसेट आणली आणि दोन दिवसांत परत केली. ‘अरे, हा आजारी आहे का?’ असं मी तेव्हा विचारलं होतं, हे तो मित्र अजून चारचौघांत सांगतो.

आज माझं मत बरोब्बर उलटं आहे. त्याचं सगळ्यात धाडसी काम हेच.

बघा ना. ‘बॉर्न इन द यूएसए’ या १९८४च्या अल्बममधली सात गाणी अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेलेली. कुणीही त्याच साच्यातून पुढचा अल्बम काढला असता. या पठ्ठ्याने १९८७ साली न्यू जर्सीतल्या घरीच ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेऊन बहुतेक गाणी एकट्याने रचत नेली. त्याच्या नेहमीच्या ई स्ट्रीट बँडची माणसं येतात ती सुटीसुटी. सॅक्सोफोनवाला क्लॅरेन्स क्लेमन्स तर एका गाण्यात मागे गायलाच आहे फक्त! (सिंथेसायझरचा तो आवाज आता जुनाट वाटतो, हे मान्य. आणि ‘स्पेअर पार्ट्स’ हे गाणं मी अजूनही पुढे ढकलतो.)

लोक याला घटस्फोटाचा अल्बम म्हणतात. त्याचं लग्न १९८५चं, घटस्फोट १९८९चा. म्हणजे गाणी आली तेव्हा संसार चालू होता, आणि मला तीच गोष्ट जास्त बोचते. इथे बायकोबद्दल तक्रार नाही. ‘ब्रिलियंट डिस्गाइज’ या गाण्यात तो आधी तिच्यावर संशय घेतो, आणि शेवटाकडे तोच संशय स्वतःवर उलटवतो. त्याचा व्हिडिओही तसाच: कृष्णधवल, एक स्वयंपाकघर, गिटार घेऊन बसलेला हा एकटा, आणि एकही कट न घेता हळूहळू चेहऱ्याकडे सरकत जाणारा कॅमेरा. पळायला जागाच नाही.

पण माझं गाणं ‘कॉशस मॅन’. बिल हॉर्टन नावाचा माणूस, एका हातावर ‘प्रेम’ गोंदलेलं, दुसऱ्यावर ‘भीती’. लग्न करतो, नदीकाठी घर बांधतो. एका रात्री वाईट स्वप्नातून दचकून उठतो, चांदण्यात कपडे चढवतो आणि हायवेपर्यंत चालत जातो. तिथे काय, नुसता रस्ता. परत येतो, झोपलेल्या बायकोच्या तोंडावरचे केस बाजूला करतो. संपलं गाणं. तो राहील की जाईल, याचा पत्ता नाही.

गाडीत मी हे कधी लावत नाही. बायको शेजारी असेल तर नाहीच नाही.