जुन्या कंपनीत टिकायचंय? बेळगावकरांना क्लासची गरज नाही

नामांकित, जुन्या, आजोबांनीसुद्धा नाव ऐकलेल्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर आलं ना? अभिनंदन. टिळकवाडीभर पेढे वाटा, पॅकेजचा आकडा तेवढा सांगू नका. मला लागताना साडेतीन लाखांच्या आसपास होतं. दहा वर्षांनी माझ्या मावसभावालाही तेवढंच मिळालं. परंपरा जपणं म्हणतात ते हेच.

बंगळूरला अशा एका कंपनीत मी चौदा वर्षं काढलीत, तेव्हा चार शब्द फुकट देतो.

पहिल्या दिवशी एआय, क्लाउड वगैरे सांगतील. टाळ्या वाजवा. मग हातात कोबॉल पडेल. १९५९ सालची प्रोग्रॅमिंगची भाषा. तिला घरातल्या थोरल्या आजीसारखी समजा: ऐकू कमी येतं, पण बँकांच्या चाव्या अजून तिच्याच कमरेला. पूर्वी प्रोग्रॅमची एकेक ओळ भोकं पाडून पंचकार्डावर उतरवत; त्याला ८० रकाने असत, पण शेवटचे आठ प्रोग्रॅमसाठी नसत. त्याचा वारसा म्हणून जुन्या मांडणीत ती ओळीतला ७२व्या रकान्यापुढचा मजकूर वाचतच नाही. पहिल्याच आठवड्यात माझी एक ओळ लांबली आणि ५०००० चे ५०० झाले. प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. शेजारचा सिनिअर म्हणाला, ‘‘काय करूलालास बे? रकाने मोज की!’’

तेव्हापासून अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा, फॉर्मही मी रकाने मोजूनच भरतो. रात्री दोन वाजता बंद पडलेली सिस्टिम तुम्ही उभी केलीत, हे ७३व्या रकान्यात गेलं असं धरून चाला. रेटिंग ठरलेल्या प्रमाणातच वाटायच्या बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी तळाशी बसवावंच लागतं. (त्या बेलचा बेळगावशी संबंध नाही, पण बसतो बेळगावकरच.) मॅनेजरला गावाहून कुंदा जरूर आणा. रेटिंग वाढत नाही, पण चन्नम्मा एक्स्प्रेस लेट झाल्याचं त्याला पटतं.

प्रमोशन ‘पुढच्या सायकलला नक्की’ असतं. इथे पुणेकर पोरं खचतात. आपली तयारी मात्र पाळण्यातली. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात घातला २००४ साली. त्या साली जन्मलेली पोरं आता इंजिनिअर होऊन तुमच्या शेजारी बसलीत, आणि दावा अजून चालूच आहे. आमच्या टीमकडचं सगळ्यात जुनं तिकीट, म्हणजे क्लायंटची नोंदवलेली तक्रार, जेमतेम अकरा वर्षांचं! क्लायंट ओरडला की मला हसू येतं.

दर दोन वर्षांनी विभागाचं नाव बदलतं. गोंधळू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारदरबारी बेळगावचं बेळगावी झालं, म्हणून गोवावेसला कुणी रस्ता चुकला नाही. मेलची सही तेवढी बदला.

‘नेटिव्ह कुठलं?’ या प्रश्नाला मात्र उत्तर नाही. बंगळूरचे आपल्याला महाराष्ट्राचे समजतात, पुण्याला बदली मागितली तर तिथले कर्नाटकचे. एचआरच्या यादीत मी दोन्हीकडे ‘इतर’.

सोडायचा विचार आला तर नोटीस नव्वद दिवसांची. तेवढ्यात राग निवतो. पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीची आशा लागते, दहा झाली की काचेचा ठोकळा मिळतो, त्यावर तुमचं नाव कोरलेलं. माझा घरी टीव्हीशेजारी ठेवलाय. आडनावातलं शेवटचं ‘कर’ त्यावर नाही. रकाने संपले असतील.