केवळ शैक्षणिक हेतूने

राजेहो, व्हायरस लिहून झाला ना? मग तो हार्ड डिस्कमध्ये कुजवू नका. ज्ञान दिल्याने वाढते, आणि व्हायरस तर ज्ञानाहून भराभर वाढतो. सोर्स कोड सरळ गिटहबवर, म्हणजे कोड वाटायच्या जाहीर साइटवर, टाका आणि वर लिहा, ‘केवळ शैक्षणिक हेतूने’. ही ओळ वाचली की खंडणीखोर खजील होतो आणि मुकाट अभ्यासाला लागतो.

कोणी विघ्नसंतोषी तुर्कस्तानचे उदाहरण देईल. तिथल्या एका संशोधकाने २०१५ मध्ये रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, कोड असाच शिकण्यासाठी खुला केला. माणूस हुशार; गैरवापर झालाच तर किल्ल्या काढता याव्यात म्हणून चोरदरवाजाही ठेवलेला. पण विद्यार्थ्यांनी फुकटचे होस्टिंग घेतले, होस्टिंगवाल्याने खाते उडवले, त्यात किल्ल्याही गेल्या. चोरदरवाजा काही लोकांच्या फायलींच्या कामी आला नाही. आता यात दोष होस्टिंगवाल्याचा. तुमचा कसा?

मिराय, म्हणजे लोकांचे कॅमेरे-राउटर ताब्यात घेऊन त्यांची फौज वेबसाइटांवर सोडणारा व्हायरस. त्याची गोष्ट तर याहून उदात्त. सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस कर्त्यांनी कोड वाटून टाकला. शंभर घरी एकच माल सापडला की मूळ मालक कोण हे पोलिसांना कळत नाही, एवढाच काय तो स्वार्थ. २१ ऑक्टोबरला इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन कंपनीवर याच फौजेचा हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स आडवे पडले. कोडात होते काय? कारखान्यातून येणारे साठेक पासवर्ड, ‘अ‍ॅडमिन’, ‘१२३४५’ छापाचे. इतवारीतल्या कापडवाल्या काकांच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड आजही तोच असेल. एक दिवस तो कॅमेरा परदेशी बँकेवर चालून जाईल आणि काकांचे शिक्षण पूर्ण होईल. हेतू शैक्षणिकच होता ना?

दुसरा मार्गही आहे म्हणतात, फार कंटाळवाणा. भोक सापडले की आधी कंपनीला नाहीतर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा पथकाला कळवायचे, दुरुस्तीसाठी ९० दिवस थांबायचे, मग भोक कसे होते ते लिहायचे, चालता कोड न देता. (अँटीव्हायरसवाले नमुने आपसात देतात, पण समोरचा कोण ते बघून. किती हा अविश्वास!) यात ना गिटहबवर शाबासकीचे स्टार मिळत, ना फुटाळा तलावावर पोट्ट्यांपुढे मिरवता येत. पोळ्याच्या पाडव्याला अख्खे नागपूर मारबतीचा पुतळा मिरवत ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ ओरडते. ओरडू द्या. मारबत नेईल तेवढी आपण पुन्हा अपलोड करू.

कोड वापरू देण्याचे लायसन्स मात्र नीट निवडा. एमआयटी नावाचे घेतले तर कोड वापरणाऱ्याला तुमचे नाव ठेवावेच लागते. खंडणीवाल्याने ते पुसले असेल तर गप्प बसू नका, थेट सायबर ठाण्यात जाऊन तक्रार द्या. पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर स्वच्छ अक्षरात लिहा. साहेब खुर्ची देतील, चहा सांगतील. ते कधीचे तुम्हालाच शोधत असतात.