३० अंशांचा नियम पुरतो का? एका कमेंटला उत्तर

सर, कमेंट तिखट आहे पण मुद्द्याची आहे म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं की सर्किटमध्ये (उतरण्याआधी रनवेभोवती मारायची चौकोनी फेरी) ३० अंशांच्या वर बँक करायची नाही, म्हणजे वळताना विमान त्याहून जास्त कलवायचं नाही, एवढं विमान शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यात बसवलं की झालं, मी उगाच रडर (पायाने हलवायचं, नाक डावी-उजवीकडे नेणारं शेपटीचं पान) आणि बॉलचं (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी नळीतली गोळी) पुराण लावते आणि वर नेऊन ४५ अंशांची वळणं करायला लावून त्यांची भीती मोडते.

३० चा नियम मीपण पाळायला लावते, त्यात वादच नाही. तुमचं गणितही बरोबर आहे, उंची राखून वळलं तर ५० नॉट्स वेगाला स्टॉल होणारं (म्हणजे पंखांची उचल मोडणारं) विमान ४५ अंशांत साधारण ६० ला आणि ६० अंशांत ७१ ला स्टॉल होतं. पण फक्त बँकेची भीती घातली की पोरगं काय करतं ते बघा.

बारामतीचंच घ्या. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा, रनवे २९, डावं सर्किट. बेसवर (रनवेला आडवा, शेवटून दुसरा टप्पा) वारा मागून ढकलतो, फायनलला, म्हणजे रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला, वळायला जरा उशीर झाला की रनवेची सेंटरलाइन डोळ्यांदेखत निघून जाते. बँक ३० झालेली, मॅडमनी सांगितलंय पुढे जायचं नाही, मग नाक वळवायला डावा पाय गुपचूप दाबला जातो. त्याने बँक आपोआप वाढायला लागते म्हणून कंट्रोल उजवीकडे, म्हणजे उजवं एलेरॉन (एलेरॉन म्हणजे पंखांवरची, विमान कलवणारी पानं), नाक पडतंय म्हणून कंट्रोल मागे. बॉल पार उजवीकडे गेलेला, पण बघतंय कोण! आतल्या पंखाचं एलेरॉन खाली, त्याचा अँगल ऑफ अटॅक (पंख समोरच्या हवेला ज्या कोनात भिडतो तो) आधीच जास्त, म्हणून तोच आधी स्टॉल होतो आणि विमान डावीकडे उलटतं. उंची असते ४००-५०० फूट, तिथून स्पिनमधून (गरगरत खाली पडण्यातून) विमान बाहेर काढायला जागाच नसते. आणि या सगळ्यात बँक ३० च होती सर, नियम कुठेच मोडला नाही.

म्हणून हे मी वर भरपूर उंचीवर नेऊन दाखवते, स्पिनला परवानगी असलेल्या विमानात, वजन आणि सीजी (गुरुत्वमध्य) त्या मर्यादेत ठेवून, कंट्रोल माझ्या हातात. ४५ अंशांची वळणं फायनलवर वापरायला नाहीतच, बॉल मध्ये असेल तर बँक केल्या केल्या विमान पडत नाही एवढं कळावं म्हणून आहेत. हे कळलं की पाय आपसूक शांत होतो.

आणि ३० मध्ये बसत नसेल तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं. खरी अडचण इथे आहे, पोरं तासाचे पैसे भरतात, एक सर्किट वाया गेलं की घरचा खर्च डोळ्यापुढे येतो, त्यात इन्स्ट्रक्टरने तोंड वाकडं केलं की संपलं. माझ्याकडे गो-अराउंडला कोणी बोलणी खात नाही, लँडिंग ओढूनताणून बसवलं तर मात्र खातो.

बॉल बघायला वेळ कुठे असतो हे तुमचं वाक्य मात्र शंभर टक्के पटलं. म्हणूनच वर असताना मी कागद चिकटवून बॉल झाकते आणि विचारते, बुड कुठल्या बाजूला सरकतंय? वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकत असेल तर आतला पाय सोड. चार-पाच वळणांत बहुतेकांना जमतं.