मुक्त उत्स्फूर्त संगीत आणि छोटी जागा

‘मुक्त उत्स्फूर्त जॅझ घरी ध्वनिमुद्रणावर ऐकले तरी तेवढेच कळते’ हे एका लेखातील विधान मला पटले नाही. मुक्त उत्स्फूर्त जॅझ म्हणजे आधी काहीही न ठरवता, त्या क्षणी सुचेल तसे वाजवलेले संगीत. लंडनच्या डॉल्स्टन भागातील कॅफे ओटो या 2008 साली सुरू झालेल्या जागेत वादक आणि श्रोते एकाच जमिनीवर, हाताच्या अंतरावर बसतात. तिथे ब्रिटिश वादक इव्हान पार्कर यांचे सोप्रानो सॅक्सोफोनवादन ऐकताना, नाकाने श्वास घेत असतानाच गालांत साठवलेली हवा वाद्यात सोडत राहण्याची त्यांची क्रिया डोळ्यांना दिसते आणि ध्वनिमुद्रणात दोन-तीन वाद्यांचा वाटणारा तो अखंड, गुंतागुंतीचा नाद एकाच माणसाच्या छातीतून येतो आहे, हे तेव्हा कुठे उमगते.

या संगीताचा जन्मच मुळी अशा लहान जागांत झाला. 1966 पासून ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स यांनी लंडनच्या लिटल थिएटर क्लबमध्ये नाटकाचा प्रयोग संपल्यावर रात्री उशिरा मैफली भरवल्या. गिटारवादक डेरेक बेली, पार्कर ही मंडळी तिथेच घडली. श्रोते अनेकदा बोटांवर मोजण्याइतके असत. आपल्या शास्त्रीय संगीताच्या बैठकीशी याची तुलना करण्याचा मोह होतो खरा, पण तिथे राग आणि ताल सोबतीला असतात. इथे पुढचा स्वर कोणता, हे वादकालाही ठाऊक नसते. काही वेळा अर्धा तास नुसती चाचपणी चालते आणि हाती काहीच लागत नाही, हेही मान्य करतो. तरीही तिकिटाचे पैसे वाया गेले असे मला वाटलेले नाही.