‘ब्रेक’ की अबोला? ऐरोलीच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, ऐरोलीच्या आहात एवढंच कळलं, म्हणून ताई म्हणतो. ‘भांडण तापलं की अर्धा तास बाजूला व्हा’ असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की वन बीएचकेमध्ये हॉलमध्ये सासूबाई आणि बेडरूममध्ये दहावीतला मुलगा असताना बाजूला व्हायचं ते कुठे? शिवाय नवरा ‘मला जरा शांत होऊ दे’ म्हणून जो गप्प होतो, तो तीन दिवस गप्पच राहतो, आणि माझ्या लेखामुळे त्या अबोल्याला शास्त्राचा शिक्का मिळाला. ‘हे सल्ले बाल्कनीवाल्यांसाठी’, हा तुमचा शेवटचा टोला.

आमच्याकडेही बाल्कनी नाही, ती आधीच्या मालकाने किचनमध्ये घेतली. पण अबोल्याच्या मुद्द्यावर मी हात टेकतो. तिथे माझं चुकलं, आणि न कळून चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण त्या तीन दिवसवाल्यांपैकी एक मीच होतो. शब्दाने शब्द वाढला की चपला घालायच्या आणि ठाण्याची तलावपाळी गाठायची. मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारायच्या, घरी येऊन मुकाट जेवायचं. मी स्वतःला समंजस समजत होतो. बायकोचं म्हणणं वेगळं होतं: ‘तू हवा खाऊन येतोस, मी इथे कुकरच्या शिट्ट्या मोजत बसते. भांडण तसंच पडलेलं असतं.’

तो अर्धा तास मी घेतला होता सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनातून. त्यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून, वादाचा विषय काढायला लावून, नाडीचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं धड ऐकूही येत नाही, पटणं तर लांबच. एका प्रयोगात वाद मध्येच थांबवून, यंत्रात बिघाड आहे असं सांगून जोडप्यांना अर्धा तास मासिकं चाळायला दिली. पुन्हा बोलायला बसल्यावर ठोके उतरले होते आणि सूरही बदलला होता.

यातल्या दोन गोष्टी मी लिहिताना गाळल्या. एक म्हणजे त्या अर्ध्या तासात कुणी मनात धुमसत फेऱ्या मारत नव्हतं, डोकं खरोखर दुसरीकडे होतं. ‘ती असं म्हणालीच कशी’ हे घोळवत तलावाला दहा प्रदक्षिणा घातल्या तरी पारा उतरत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. दुसरी गोष्ट तुमच्या तक्रारीच्या मुळाशी आहे. ती जोडपी परत समोरासमोर बसली, वाद जिथे थांबला होता तिथूनच पुढे बोलली. आपल्या घरांत परत कुणी बसवत नाही. परत न येण्याला गॉटमन ‘ब्रेक’ म्हणतच नाहीत. समोर माणूस असून भिंत होऊन बसणं, हे त्यांनी संसार पोखरणाऱ्या चार सवयींत धरलंय, आणि त्यांच्या पाहण्यात ते पुरुषच जास्त करतात. गंमत अशी की वरून दगड दिसणाऱ्या त्या माणसाची नाडी आतून धावत असते. पण ते तुम्हाला दिसणार कसं? तुम्हाला दिसते ती पाठ.

म्हणून आमच्याकडे आता जाणाऱ्याने वेळ सांगून जायचं, ‘जरा वेळाने’ नाही, ‘पावणेदहाला’. आणि ज्याने थांबवलं त्यानेच विषय पुन्हा काढायचा. एकदा तलावाजवळच्या गडकरी रंगायतनपाशी ओळखीचे भेटले आणि मला दहा मिनिटं उशीर झाला, तर भांडणाचा मूळ विषय बाजूला राहून त्या दहा मिनिटांवरून वेगळं महाभारत झालं. बरोबरच होतं तिचं.

आता जागेचा प्रश्न. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एली फिंकेल आणि सहकाऱ्यांचा 2013 साली प्रसिद्ध झालेला, 120 जोडप्यांचा दोन वर्षांचा अभ्यास आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच संसारातलं समाधान उतरत गेलं. दुसऱ्या वर्षी निम्म्यांना तीनदा, प्रत्येकी सात मिनिटं, लिहायला सांगितलं: दोघांचंही भलं चिंतणारा तिसरा माणूस आपलं हे भांडण कसं बघेल? वर्षाला एकूण 21 मिनिटं. त्यांची घसरण थांबली, बाकीच्यांची चालू राहिली. याला खोली लागत नाही, लाइटबिलाची मागची बाजू पुरते. मी तिसरा माणूस म्हणून माझ्या गेलेल्या मावशीला धरतो. ती दोघांनाही झापायची, त्यामुळे निवाडा सहसा बरा होतो.

तुमचे यजमान असलं काही लिहितील का, मला माहीत नाही. ‘किती वाजता बोलायचं ते सांग’ एवढं मात्र वाद नसलेल्या दिवशी, चहाच्या वेळी ठरवून बघा. तापल्यावर नियम मांडला तर तो नियम राहत नाही, टोमणा होतो. आणि हे कुणीही वाचत असेल म्हणून लिहितो: घरात हात उगारला जात असेल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.

मूळ लेखातलं वाक्य आता असं केलंय: ‘परत यायची वेळ सांगून बाजूला व्हा, आणि त्या वेळेला या.’ जुनं वाक्य पुसलेलं नाही, रेघ मारून तिथेच ठेवलंय, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला कळेल हे रामायण कशावरून झालं.