एक बादली, एक फडका : 'लातूरकरां'च्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गाडी धुताना रंग कसा जपावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "गाडी धुण्यावर एवढं पुराण? आमच्याकडे प्यायला पाणी रेल्वेने आलं होतं आणि तुम्ही पाइप लावून फवारे मारायला सांगताय. माझी गाडी ११ वर्षं एका बादलीत, एका फडक्यात निघते. काही झालेलं नाही. शाम्पू विकायचा धंदा दिसतोय." खाली नाव नाही, नुसतं 'एक लातूरकर'. म्हणून मीही तुम्हाला 'लातूरकर'च म्हणतो.

उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी एक गोष्ट मोजायची होती. आमच्या पार्किंगच्या नळाला लावलेला पाइप २० लिटरच्या बादलीत सोडला आणि मोबाइलवर वेळ लावली. दीड मिनिटाच्या आतच बादली भरली. म्हणजे मिनिटाला साधारण १४ लिटर. मी गाडी धुताना हा पाइप मध्ये मध्ये बंद धरला, तरी दहा मिनिटं नक्की चालू असतो. १४० लिटर! ज्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकरच्या वर्गणीवरून भांडणं होतात, तिथे राहून मी हे लिहीत होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, तेव्हा आम्ही पुण्यात ती बातमी म्हणून वाचली. तुम्ही ते पाणी भरलंय. तेव्हा तुम्ही माझा कान धरलात ते बरोबरच. पाइपचा परिच्छेद लेखातून काढला आहे.

पण "काही झालेलं नाही" हे मात्र मला मान्य नाही. तुमची गाडी बहुधा पांढरी किंवा चंदेरी असणार. या रंगांवर ओरखडे लपतात. एकदा रात्री अंधारात बॉनेटवर मोबाइलची बॅटरी मारून बघा. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसतील. घरातलं जुनं स्टीलचं ताट बल्बखाली धरलं की दिसतात ना, अगदी तशीच. गंमत म्हणजे हे ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना पसरलेले असतात, पण त्यांतले जे उजेडाला आडवे जातात तेवढेच चमकतात. म्हणून ते वर्तुळासारखे भासतात. बॅटरी सरकवा, वर्तुळंही तिच्यामागे सरकतील.

हे ओरखडे फडक्याने पडत नाहीत, फडक्यात अडकलेल्या धुळीने पडतात. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४०-५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. डोक्याचा केससुद्धा बहुतेकदा याहून जाड भरतो. धुळीतले वाळूचे कण काचेपेक्षा कठीण. ते फडक्याखाली सापडले की फडक्याचा सँडपेपर होतो. मग गॅरेजवाला रबिंग-पॉलिश करून देतो, गाडी चकाकते आणि आपण खूश. पण रबिंग म्हणजे तोच थर थोडा घासून काढणं. दरवर्षी केलं तर घासायला उरणार काय?

आता तुमची एक बादली. पहिल्या दरवाजाला ती निर्मळ असते, डिकीपर्यंत पोचता पोचता तिच्या तळाशी गाळ बसतो आणि फडका बुडवला की तोच गाळ वर येतो. आमच्याकडे गाड्या पुसायला जो मुलगा येतो, तो एका बादलीत १८ गाड्या काढतो. पहिल्या गाडीची वाळू अठराव्या गाडीला. त्याला दोष देत नाही. आठच्या आत सगळं आटपायचं आणि कापड मात्र त्याचं त्यानेच आणायचं. मी त्याला मायक्रोफायबरचे, म्हणजे अगदी बारीक धाग्यांचे मऊ, चार फडके दिले आणि आमची गाडी पुसू नकोस म्हणून सांगितलं. पैसे तेवढेच देतो. त्याला मी विचित्र वाटतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

तुमची टीका वाचल्यापासून असं करून बघतोय : पाच लिटरचा, हाताने दाब भरायचा फवारणी पंप घेतला. (शेतातला तणनाशकाचा नव्हे, तो गाडीला लावू नका.) टपापासून खाली सगळी गाडी भिजवायची आणि धूळ फुगेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच खरं काम करतं. मग दोन बादल्या, दोन्ही अर्ध्याच. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मग पुन्हा शाम्पूत. दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर सर्वात शेवटी, कारण खरी वाळू तिथे असते. शेवटी पंपानेच फेस उतरवायचा. परवा सगळं मिळून ३० लिटरच्या आत झालं. तुमच्या बादलीहून थोडंसं जास्त, माझ्या पाइपच्या पाव हिश्शाहूनही कमी.

पावसाळ्यात कोकणातून लाल चिखल घेऊन आलात तर मात्र ही काटकसर चालणार नाही. चाकांच्या कमानीत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि पत्रा गंजतो. तिथे पाण्याचा जोरच हवा.

शाम्पूच्या धंद्याबद्दल : मला कुणी बाटली पाठवत नाही, विकत घेतो. कुठलाही गाडीचा शाम्पू चालतो. फक्त कपड्यांची पावडर नको. तिचे न विरघळलेले दाणे घासतात आणि तिच्या क्षाराने रंगावर लावलेला मेणाचा थर उतरतो. एक रुपयाच्या केसांच्या शाम्पूत निदान दाणे तरी नसतात.

वाळवण्याचं लेखात घाईत उरकलं होतं. आपल्या भाषेत पुसणं आणि टिपणं हे दोन वेगळे शब्द आहेत, गाडी टिपायची. मोठं, जाड मायक्रोफायबर बॉनेटवर अंथरायचं, वरून हलका हात फिरवायचा, उचलायचं. गाडी पुसायला म्हणून मिळतं ते पिवळं कापड काच पुसायला ठेवा. आणि कुठलंही कापड जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं बाद. इथे हयगय केल्याने माझ्याच गाडीच्या डाव्या दरवाजावर एक लांब रेघ आहे. घाईत उचलून तसंच फिरवलं होतं.

उन्हात तर धुऊच नका, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे गोल मागे राहतात. ताजे असतील तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून कापडाने टिपायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. जुने झाले की ते रंगात खड्डा करून बसतात, मग व्हिनेगरही हात टेकतं.

बोअरवरून आठवलं. तुमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचंच पाणी वापरत असाल, तर ११ वर्षांत काचेवर हे डाग कसे काय बसले नाहीत? की तुम्ही पाणी सुकायच्या आत फडका मारता? तसं असेल तर तुमच्या त्या एका फडक्याचं एवढं एक काम माझ्याहून चांगलं चाललंय. जरा सविस्तर लिहा.