तुमच्या फाटलेल्या गुळाच्या चहाबद्दल

नमस्कार. नाताळच्या संध्याकाळी महाबळेश्वरच्या आमच्या दुकानात तुम्हाला मिळालेला गुळाचा चहा फाटलेला होता, कोमट होता, त्याला साबणाचा वास होता, आणि तक्रार केल्यावर काउंटरवरचा मुलगा "गुळाचा चहा असाच असतो" म्हणाला. तुम्ही एक स्टार दिलात. साबण सोडला तर सगळं कबूल.

गुळाचा चहा असा नसतो. गूळ जरा आंबट असतो, ढेपेगणिक कमी-जास्त, आणि उकळत्या दुधाला तेवढं पुरतं. म्हणून आम्ही आधी ठेचलेलं आलं पाण्यात चांगलं उकळून घेतो (कच्चं आलं कोमट दुधात पडलं तरी दूध नासतं), मग गवती चहा, वेलची, पावडर. दूध वेगळं तापवून ओततो. गूळ सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून. त्यानंतर ते पातेलं परत आचेवर चढवायचं नाही, हा घरचा नियम. त्या दिवशी वेण्णा लेककडून गर्दी एकदम आली, मोठं पातेलं निवलं, आणि ते परत गॅसवर चढलं. चढवलं मीच. मुलगा मला सांभाळून घेत होता; तुमच्याशी तसं बोलायला नको होतं, हे त्याला सांगितलंय.

इथे 4,500 फुटांवर पाणीच 95-96 अंशांना उकळतं, त्यात डिसेंबरची थंडी, कागदी कप. पण बारा महिने इथे राहणाऱ्या माणसाने ही सबब पर्यटकाला सांगू नये. आता दहा कपांपुरताच चहा टाकतो. थोडं थांबावं लागतं, पण हातात येतो तो वाफाळता.

राहिला साबण. तो गवती चहाचा वास, दुकानामागच्या वाफ्यातल्या पातीचा. याच गवताचं तेल साबणात घालतात, म्हणून तुमच्या नाकाने ओळखलं ते बरोबरच, फक्त उलट्या बाजूने. पात मात्र त्या दिवशी जरा जास्तच पडली असेल. ज्यांना तो वास सोसत नाही त्यांना नुसता आलं-वेलचीचा करून देतो, आधी सांगा फक्त.

दोन कपांचे 80 रुपये परत करायचे आहेत. बिलाचा फोटो इथेच मेसेजमध्ये टाका, आजच पाठवतो.